मिरची अजून ओली आहे

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी मला एका जागी बसता येत नाही. बायको म्हणते, "तुम्हाला खुर्ची देणं म्हणजे खुर्चीचा अपमान." नोकरीतही हेच होतं. सरकारी उद्योग खात्यात मी निरीक्षक होतो, आधी साताऱ्याला आणि मग सांगलीला. वरिष्ठ म्हणायचे, माणसं अर्ज घेऊन तुमच्या टेबलाकडं येतात, तुम्ही त्यांच्याकडं कशाला पळता? मला ते पटायचं नाही. टेबलासमोर बसलेला माणूस वेगळा असतो आणि स्वतःच्या दारात उभा असलेला वेगळा. मग स्कूटर काढायची आणि निघायचं.

आमचं काम नेमकं काय, हे आमच्या नातेवाइकांनाही कधी कळलं नाही. बहुतेकांना वाटायचं, हा कर्ज वाटतो. खरं तर आमच्या हातात पैसा नव्हता, वीज नव्हती, जागाही नव्हती. ज्यांच्या हातात होतं त्यांच्या दारापर्यंत माणसाला न्यायचं आणि तिथून तो पळून येऊ नये म्हणून त्याच्या मागं उभं राहायचं, एवढंच काम. त्याआधी मी प्रत्येकाला तीन प्रश्न विचारायचो. तुझा माल घेणार कोण? आज तो माणूस कुठून घेतो? आणि ते सोडून तो तुझ्याकडं का येईल? पहिल्या दोन प्रश्नांना लोक छाती काढून उत्तरं द्यायचे. तिसऱ्याला घसा खाकरायचे.

आमच्या भागात धंदा सुचत नाही, तो दिसतो. शेजाऱ्यानं कोंबड्या पाळल्या की अख्ख्या आळीला पोल्ट्रीचे डोहाळे लागतात. आणखी एक खोड म्हणजे उद्घाटनाची. एकानं मांडव, स्पीकर, फीत, आमदार, सगळं केलं. नारळ फुटला, पेढे वाटले, टाळ्या झाल्या, आणि मग कुणीतरी विचारलं की मशीन चालू करून दाखवा. विजेची जोडणीच आलेली नव्हती. तो मला म्हणाला, "सायेब, ती तर तुमी बगनार हुता न्हवं?"

शिरवळला फौजेतून निवृत्त झालेले एक सुभेदार होते. त्यांनी हायवेला वडापावचं हॉटेल टाकलं. वडा झकास, पण गिऱ्हाईकानं रांगेत उभं राहायचं, रांग मोडली की वडा नाही. दुपारी विश्रांतीची वेळ झाली की ते समोरच्या माणसाच्या तोंडावर शटर ओढायचे. मी म्हटलं, "सुभेदारसाहेब, गिऱ्हाईक म्हणजे रंगरूट नव्हे." ते म्हणाले, "शिस्त मोडली की पलटन मोडती, सायेब." हॉटेल अर्थातच बसलं. मी त्यांच्यापुढं नकाशा मांडून म्हटलं, तुमची शिस्त इथं नको असेल, पण या नव्या कारखान्यांच्या गेटवर तिला मागणी आहे. त्यांनी निवृत्त जवान गोळा केले आणि पहारेकरी पुरवायला सुरुवात केली. मग मात्र त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. माणूस तोच ठेवायचा आणि जागा बदलायची, हा माझा हुकमी तोडगा झाला. त्याच्यावर मी पुढं फार विसंबून राहिलो.

रत्नमाला पलूसजवळच्या एका गावातून आमच्या सांगलीच्या कार्यालयात आली, तेव्हा तिच्या हातात अर्ज नव्हता, मसाल्याची डबी होती. ती तिनं थेट माझ्या टेबलावर ठेवून झाकण काढलं. "वास घ्या, सायेब." मी घेतला, आणि पंख्यानं तो बाकीच्यांनाही दिला. पलीकडच्या टेबलावरचे हेडक्लार्क शिंकता शिंकता ओरडले, "अहो बाई, हे सरकारी ऑफिस आहे!" ती म्हणाली, "मग सरकार जेवत न्हाई व्हय?"

तिशीची असेल. नवरा दिलीप एसटीच्या डेपोत मेकॅनिक. तिला गावात मसाला कुटायचा डंक टाकायचा होता. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडं घरात कांदा-लसूण मसाला नसेल तर चूल पेटली काय आणि न पेटली काय, सारखंच. होळीनंतर मिरच्या वाळत पडतात, धणे-खोबरं भाजलं जातं आणि वर्षाचा मसाला पाऊस यायच्या आत बरणीत जातो. त्या काळी तयार पुडी आणणाऱ्या सुनेला, "घरात बाया हायत का भावल्या?" असं ऐकावं लागायचं. हा मसाला कुटणारं यंत्र म्हणजे डंक. खाली लोखंडी उखळ, वर विजेवर आपटणारी मुसळं. बाई डबा घेऊन येते आणि आपला मसाला कुटून होईपर्यंत तिथून हलत नाही. कारण उखळ कितीही पुसलं तरी आधीच्या घरचा चिमूटभर मसाला कडेला राहतोच आणि तो आपल्यात येतो. म्हणून डबा ओतायच्या आधी प्रत्येक बाई एक प्रश्न विचारते, "माज्या आदी कुणाचं हुतं गं?"

मी माझे तीन प्रश्न विचारले. घेणार कोण? "समदं गाव." आज कुठं कुटतात? "गावात एकच डंक हाय. शिमगा झाला की बाया नंबर लावून तिष्ठत बसत्यात." मग तो सोडून तुझ्याकडं का येतील? "नंबर न्हाई लावायचा. रस्त्याला लागून हाय. आनि मला भाजण्यातलं कळतं. धनं किती भाजायचं हे मशीन सांगत न्हाई."

उत्तरं चोख होती. तरी माझा पेन अर्जावर टेकेना. आमच्या घरानं आणि तिच्या घरानंही आजोबांच्या पिढीत बौद्ध धम्म स्वीकारलेला. ते मी तिला सांगितलं नव्हतं आणि तिनंही सांगितलं नव्हतं, पण आडनावावरून आमच्यात हे कळायला वेळ लागत नाही. चौथा प्रश्न आम्हा दोघांच्या मध्ये टेबलावर त्या डबीसारखा उघडा पडला होता. शेवटी तीच म्हणाली, "इचारा की जे इचारायचंय ते."

"काही नाही," मी म्हणालो.

"मशीनला इटाळ हुत न्हाई, सायेब. तिला ईज लागती निस्ती."

मी अर्ज भरायला घेतला.

ती वीज मिळवण्यात आमचे जोडे झिजले. 'वायरमन रजेवर, खांब शिल्लक नाही, साहेब दौऱ्यावर', हे पाळीपाळीनं ऐकलं. दिलीपनं तोवर पाया भरून मशीन असं बसवलं की पाण्याचा पेला वर ठेवला तर थेंब सांडू नये. होळीच्या तोंडावर जोडणी आली. रत्नमालानं फीतबीत बांधली नाही. घरात बुद्धवंदना केली, सगळ्यांना खीर दिली आणि चाचणीसाठी स्वतःच्या घरच्या मिरच्या उखळात ओतल्या. मुसळं आपटायला लागली. इतकी वर्षं कागदावर उद्योग उभे केले, पण माझ्या वाडवडिलांच्या सावलीला जे गाव आकसत होतं, तसल्या गावात आमच्यातल्या बाईचं यंत्र त्या गावासाठी धडधडत होतं. मला फार अभिमान वाटला. तो मी खात्याच्या अहवालात लिहू शकत नव्हतो.

मग हंगाम सुरू झाला.

पहिल्या आठवड्यात तिच्या वस्तीतल्या बाया आल्या आणि त्यांचा मसाला कुटून झाला. त्यानंतर डंक गप्प. पलीकडच्या आळीतल्या जुन्या डंकावर पहाटेपासून डब्यांची रांग लागे आणि त्याचा आवाज रत्नमालाच्या दारात ऐकू येई. बायका तिच्या दारावरून तिकडं जायच्या. कुणी वाईट बोलत नव्हतं, उलट हसून विचारायच्या, "काय रतन, झाला का च्या?" आणि डोक्यावरचा डबा सावरत पुढं जायच्या. भांडता आलं असतं तर बरं, पण हसणाऱ्याशी काय भांडायचं?

हंगाम पावसावर संपतो. एकदा वळवाचा मारा सुरू झाला की मिरच्या वाळत नाहीत आणि मसाला थांबतो. म्हणजे रत्नमालाला जे काही सिद्ध करायचं होतं ते मोकळ्या आभाळाच्या त्या थोड्या दिवसांतच. मला ऑफिसात बसवेना. जतला जायचं असलं तरी माझी स्कूटर पलूसमार्गे जायला लागली, जे कोणत्याच नकाशात बसत नाही. तिच्याकडं पोचलो की आधी आभाळाकडं बघायचो, मग रस्त्याकडं, मग उखळाकडं. बसायचो, उठायचो, ओट्यावरून खाली उतरून परत चढायचो. ती शांतपणे मशीनचा पट्टा पुसत असायची. एकदा म्हणाली, "सायेब, तुमी जरा बसा. तुमच्या येरझाऱ्यानं मला धडकी भरतीया." घरी बायको म्हणाली, "डंक त्या बाईनं टाकलाय का तुम्ही?"

अशाच एका दुपारी मी तिथं असताना संपत आला. पलीकडच्या आळीतला मराठ्याच्या घरचा पोरगा, फौजेत होता आणि सुट्टी संपवून दुसऱ्या दिवशी निघायचा होता. डोक्यावर मिरच्यांचा डबा आणि मागं त्याची आई. तिला सगळं गाव बायाक्का म्हणायचं. जुन्या डंकावर नंबर लागत नव्हता आणि पोराला मसाला बरोबर न्यायचा होता.

"वयनी, कुटून देता का? उद्या गाडी हाय माजी," संपत म्हणाला.

"आवं, त्याच्यासाटीच बसलीया की," रत्नमाला उठलीसुद्धा.

मी जागच्या जागी उभा राहिलो. एक डबा, फक्त एक! बायाक्काच्या घरचा डबा इथं कुटला गेला, की उद्या आणखी दोघी येतील आणि परवा पाच. धंद्यात पहिलं गिऱ्हाईक माल नेत नाही, ते इतरांची भीती नेतं. हे मी किती जणांना शिकवलं होतं!

बायाक्का ओट्याच्या कडेला टेकली. तिनं उखळात वाकून बघितलं. लख्ख होतं, रत्नमाला रोज खडे मीठ कुटून ते साफ करायची. मग म्हातारीनं सवयीनं विचारलं, "माज्या आदी कुणाचं हुतं गं?"

वस्तीतल्या बायकांचा मसाला कधीच संपलेला. मधल्या काळात रत्नमालानं मशीन गंजू नये म्हणून घरचेच धणे-मिरच्या अधूनमधून कुटले होते. मी तिच्याकडं बघून मान हलवली. कुणाचंच नाही म्हण, बाई. मिठानं धुतलंय म्हण. काहीही म्हण.

"आमच्याच घरचं, आक्का," रत्नमाला म्हणाली. "मिठानं साफ केलंय."

संपत म्हणाला, "आये, पलटनीत आमी एकाच लंगरात जेवतो. वत आता." म्हातारीनं डब्यातली एक मिरची उचलली आणि बोटात धरली.

"आज नगं," ती म्हणाली. "मिरची जरा वली वाटतीया. अजून एक ऊन खाऊ दे."

असं म्हणताना तिनं ती मिरची मोडली. काडकन आवाज झाला. सगळ्यांनी ऐकला. बिया ओट्यावर सांडल्या. संपतची मान खाली गेली. त्यानं डबा उचलला, "येतो वयनी," म्हणाला, आणि दोघं आलेल्या वाटेनं परत गेले.

मला राग आला. तो बायाक्काचा यायला हवा होता, पण निघाला रत्नमालावर. "खोटं बोल असं मी म्हणत नाही," मी म्हणालो, "पण गप्प तर बसायचं होतंस! धंद्यात प्रत्येक प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं."

ती ओट्यावरच्या बिया हातानं गोळा करत होती. "आमच्या घरचं कुटलंय, ह्यात लपवायचं काय हाय? उद्या दुसरीनं इचारलं, परवा तिसरीनं. कितींदा आमी कुनीच न्हवं म्हनू?"

मग मी माझा हुकमी तोडगा काढला. कुपवाड. सांगलीजवळची औद्योगिक वसाहत, कारखान्यांतले कामगार, भाड्याच्या खोल्या. निम्मी माणसं जत-आटपाडीची, काही कर्नाटकातली, कुणी कुणाच्या गावचं नाही. बायका स्वतः कामाला जातात, त्यांना मिरच्या निवडायला, भाजायला वेळ नाही आणि वाळवायला अंगण नाही. तिथं नुसतं कुटू नकोस, भाजूनही दे. मी तिला सगळं सांगितलं, गिऱ्हाईक कुठून येईल, कामाची पाळी कधी सुटते, पाटी कोणत्या बाजूला लावायची. सांगताना मी पुन्हा येरझाऱ्या घालत होतो.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हंजे गाव सोडायचं."

"धंद्यासाठी सोडायचं. मशीन इथं गंजवण्यापेक्षा बरं."

"तुमी बी सोडलंच न्हवं?" ती म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. खरंच विचारत होती. मी माझ्या गावातून शिकायला म्हणून निघालो तो परत राहायला गेलोच नाही, हे तिला कुणी सांगितलं होतं कोण जाणे.

"सोडलं," मी म्हणालो.

"मंग बरं वाटतंय का?"

मी स्कूटरला किक मारली. ती एका किकेत कधी लागायची नाही, त्या दिवशी लागली.

पाऊस तोंडावर असताना दिलीपनं पाया फोडून मशीन काढलं आणि टेम्पोत घातलं. कुपवाडात पत्र्याची एक खोली मिळाली. मी म्हणालो होतो तसंच घडलं. कामावरून सुटलेल्या बायका सायकलीला, लुनाला पिशव्या अडकवून यायला लागल्या. रत्नमाला बेडगी मिरची किती आणि संकेश्वरी किती हे सांगायची, भाजून द्यायची, कुटून द्यायची. पुढच्या हंगामात तिनं दोन बायका हाताशी घेतल्या, त्याच्या पुढच्या हंगामात दुसरं मशीन. तिथंही बायका तोच प्रश्न विचारत, कारण सवय सुटत नाही. रत्नमाला आधीच्या बाईचं नाव सांगे, समोरची बाई मान डोलावून डबा ओती. त्या नावाला तिथं वजन नव्हतं.

खात्याच्या बैठकांत मी तिचं उदाहरण देत असे. योग्य जागेची निवड, बाजारपेठेचा अभ्यास, वगैरे. साहेब लोक वहीत टिपून घेत. मी मात्र घाईघाईनं पुढच्या विषयाकडं वळत असे. सल्ला बिनचूक होता. आजही कुणी विचारलं तर मी तोच देईन. पण हिशेबात बरोबर आलेली ही गोष्ट छातीवर धड बसत नाही, जेवताना दातात अडकलेल्या बीसारखी जीभ पुनःपुन्हा तिथंच जाते. सुभेदारांना मी हलवलं तेव्हा त्यांच्या स्वभावाला शोभेल अशी जागा दिली. रत्नमालाचा स्वभाव, तिचं काम, तिचं मशीन, सगळं गावातल्या त्याच जागी शोभत होतं. चूक जागेची होती, आणि हलावं लागलं रत्नमालाला.

काही वर्षांनी, माझी सांगलीतून बदली व्हायच्या सुमारास, मी तिचा निरोप घ्यायला कुपवाडला गेलो. हंगाम भरात होता. दारात डब्यांची रांग, आत धुरळा, सगळ्यांच्या नाकाला पदर. मला एक खुर्ची मिळाली आणि नेहमीप्रमाणं मी तिच्या पुढच्या काठावर टेकलो. चहा सांगितला गेला.

रांगेत एक सून आणि तिच्या मागं काठी घेतलेली म्हातारी. डबा टेकवून म्हातारीनं वर बघितलं, आणि रत्नमाला थांबली. मीही ओळखलं. बायाक्का. सून सांगत होती, संपत फौजेतून सुटून आलाय आणि हितंच एका कारखान्याच्या गेटवर पहाऱ्याला लागलाय, आम्ही सगळी कुपवाडलाच राहतोय.

"रतन न्हवं तू?" म्हातारी म्हणाली. "किती बारीक झालीस गं. पोरं बरी हायती?"

"बरी हायती, आक्का. बसा."

बायाक्का बसली. मी तिच्या तोंडाकडं बघत राहिलो, आता तोच प्रश्न विचारेल, मग विचारेल. तिनं विचारलंच नाही. रत्नमालानं डब्यातली एक मिरची उचलून मोडली. काडकन वाजली. रत्नमालानं डबा उखळात ओतला आणि हात बटणाकडं नेला.

म्हातारीनं आजूबाजूला बघितलं, ती गर्दी, ते पत्रे, तो धुरळा. अगदी आपुलकीनं म्हणाली, "गावातला डंक कशापायी मोडलास गं? रस्त्याला हुता, ऐसपैस हुता. चांगला चालला असता की."

रत्नमालाचा हात बटणावरच राहिला. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर मला काय करावं हे सुचलं नसतं.

"गावात मिरची वाळत न्हवती, आक्का," ती म्हणाली, आणि बटण दाबलं.

मुसळं आपटायला लागली. बायाक्का काही म्हणाली असेल तर ते मला ऐकू आलं नाही. ती मसाला होईपर्यंत जागची हलली नाही, एवढं मात्र बघितलं. माझा चहा आला होता. मी तो तसाच ठेवून उठलो.